आधी एक उन्हाळा नुसतं खारं पाणी सांभाळा

पत्राचा सारांश: जळगावच्या एक वाचक ताई करसल्लागार आहेत. रिंगरोडला दोन खोल्यांचं ऑफिस, चार माणसं कामाला, धाकटा भाऊ भागीदार. बाहेरच्या खोलीत, लोक थांबतात तिथे, त्यांना दोन फुटी काचेची टाकी ठेवायची आहे आणि तीत मँटिस श्रिम्प, म्हणजे ठोसा मारून शिकार करणारा, खेकडा-कोळंबीच्या नात्यातला समुद्री प्राणी. मोबाईलवर मोरपंखी रंगाच्या मँटिसचा व्हिडिओ पाहिला तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. त्या लिहितात, “एकच प्राणी आहे, एकटाच राहतो, म्हणजे देखभाल कमी. एका ठोशात शिंपला फोडतो, म्हणजे चिवट असणारच. आणि ऑफिसात दिवसभर कुणी ना कुणी असतंच. भाऊ म्हणतो गप्पी सोड आणि मोकळी हो. ऑफिसातल्या एक सहकारी शाकाहारी आहेत, त्यांना ऑफिसात जीव मारलेला बघवणार नाही. मी फक्त एवढंच विचारते, कुठल्या जातीचा घेऊ?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. जात कुठली, हा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलात. मला मात्र त्याआधीच्या तीन वाक्यांवर थांबावंसं वाटतं, कारण कुठली जात घ्यायची हे त्यांच्यावरच ठरणार आहे. मी कॉलेजात बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि भुसावळच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकीही ठेवली होती. तेव्हा जे लिहिते आहे त्यातलं थोडं पुस्तकातलं आहे, थोडं हात पोळून कळलेलं.

आधी त्या ठोशाचं बोलू, कारण तुम्ही त्याच्यावरच भाळलात आणि त्यात तुमचं काही चुकलं नाही. अमेरिकेतल्या जीवशास्त्रज्ञ शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोरपंखी मँटिसचा ठोसा अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. सर्वांत वेगवान ठोसा सेकंदाला २३ मीटरपर्यंत गेला, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर, आणि तोही पाण्यात. हातातली एक कमान आधी ताणून अडकवलेली असते. खटका सुटला की हात फेकला जातो. त्या वेगाने पाणी फाटून बुडबुडे होतात, ते मिटताना शिंपल्याला दुसरा तडाखा बसतो. हे सगळं खरं आहे.

पण ताई, ठोसा मारणारा हात आणि पाण्यातला बदल सोसणारं शरीर यांचा एकमेकांशी संबंध नाही. हा प्राणी काही महिन्यांनी एकदा जुनं कवच टाकतो. नवं कवच टणक होईपर्यंत तो लोण्यासारखा मऊ असतो आणि त्याला ठोसा मारता येत नाही. स्टेगर आणि कॉल्डवेल या संशोधकांनी १९८३ मध्ये एक फार सुंदर निरीक्षण मांडलं. असा मऊ पडलेला मँटिससुद्धा बिळाच्या तोंडाशी दुसरा कुणी आला की दोन्ही हात फाकवून धमकी देतो. मारायची ताकद नसते, तरी मारीन असं दाखवतो, आणि पुष्कळदा समोरचा मागे फिरतो. मला हा प्राणी सर्वांत जास्त आवडतो तो यासाठी. व्हिडिओत आपण त्याचे जोरावर असलेले दिवस बघतो. पाळणाऱ्याच्या वाट्याला हे मऊ दिवसही येतात.

आता तुमचं जळगाव घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो हे तुम्हाला सांगायला नको. मँटिसला २४ ते २७ अंशांचं पाणी मानवतं. तुमचा एसी सकाळी दहाला लागतो आणि संध्याकाळी सातला बंद होतो. शटर ओढलं की खोली तापू लागते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर आत उष्णता सोडत राहतो. शनिवारी संध्याकाळी बंद केलेलं ऑफिस सोमवारी सकाळी उघडतं. ‘दिवसभर कुणी ना कुणी असतंच’ हे वाक्य म्हणून मला अपुरं वाटलं. टाकीला आठवड्याचे १६८ तास लागतात, आणि तुमच्या ऑफिसात माणूस असतो त्यातले पन्नास-पंचावन्न.

हिवाळ्याकडेही दुर्लक्ष करू नका. धुळ्या-जळगावकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा त्याच टाकीला हीटर लागतो. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला (ते १९५१ मध्ये सुरू झालं) समोरच समुद्र होता. आपल्याला समुद्र गोणीतून आणून बादलीत कालवायचा आहे आणि बाराही महिने एका तापमानात धरायचा आहे.

माझ्या टाकीत दोन क्लाऊनफिश आणि एक शंखातला खेकडा होता. एका मे महिन्यात अमळनेरला लग्नाला गेले, दोन दिवसांसाठी. मधे सात-आठ तास वीज गेली. परत आले तेव्हा दार उघडताच वास आला. पंप पुन्हा सुरू झालेला होता, पाणी स्वच्छ दिसत होतं, आणि खेकडा शंखातून अर्धा बाहेर येऊन पडला होता. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, हे मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं. इन्व्हर्टरला टाकीची वायर जोडायला अर्धा तास लागला असता.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, आणि ती कुठलाही खाऱ्या पाण्याचा प्राणी ऑफिसात ठेवू पाहणाऱ्या प्रत्येकाला आहे. टाकी आत्ता, थंडीतच मांडा. वाळू, दगड, फिल्टर, मीठ सगळं घाला. प्राणी घालू नका. अमोनिया पचवणारे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतातच. तुम्ही मात्र तिथे थांबू नका, पुढे पूर्ण उन्हाळा ती टाकी तशीच चालवा. पाण्यात कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर सोडा आणि रोज ऑफिस उघडताना व बंद करताना दोन आकडे वहीत लिहा. आकड्यांचा तुम्हाला कंटाळा नाही, ते तुमचं रोजचं काम आहे. मे महिन्यातल्या सोमवारी सकाळचे आकडे तुम्हाला जे सांगतील ते मी इथे बसून सांगू शकत नाही.

पारा २८ च्या वर जात असेल तर दोन उपाय आहेत. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, हा खात्रीचा, पण त्याची किंमत बहुतेक वेळा बाकी सगळ्या सामानाहून जास्त होते आणि इन्व्हर्टरला त्याचा भार झेपत नाही. दुसरा उपाय आपल्या हवेतच आहे. टाकीचं झाकण काढून वर जाळी लावा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा. आपला कूलर कोरड्या उन्हाळ्यात जसा काम करतो तसं पाणी उडून दोन-तीन अंशांनी उतरतं. जुलैत हवा दमट झाली की हा उपाय लंगडा पडतो, पण तोवर ऊनही उतरलेलं असतं. जाळी मात्र घट्ट हवी, हा प्राणी चढू शकतो.

पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत वाळू-दगड वजा जाता ६० लिटरच्या आसपास पाणी बसतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे तुमच्या टाकीत दोन किलोच्या वर. त्यातलं सहा लिटर पाणी उडालं आणि कुणी भरलं नाही तर तेच प्रमाण ३९ वर जातं. कोरड्या मे महिन्यात पंख्याखाली सहा लिटर उडायला आठवडाही लागत नाही. त्यासाठी काचेवर मार्करने एक रेघ मारा. पाणी रेघेखाली गेलं की गोडं पाणी घालायचं, मिठाचं नाही. तुम्ही लिहिलंय की ऑफिस उघडायला आणि झाडायला जिभाऊ येतात, वीस वर्षांपासून. हे काम त्यांच्याकडे द्या, पण त्यांना विचारून, समजावून आणि त्याचे वेगळे पैसे देऊन. ज्या दिवशी ते तुम्ही न विचारता फोन करून सांगतील, “ताई, पानी कमी व्हयनं,” त्या दिवशी तुमची टाकी निम्मी सुरक्षित झाली.

गोडं पाणी म्हणजे नळाचं किंवा बोअरचं नको. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते बादलीच्या कडेला दिसतंच. आरओचं पाणी लागेल. ऑफिसात येणारा वीस लिटरचा जार चालू शकतो, पण आधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवून बघा. काही ठिकाणी चवीसाठी क्षार परत मिसळतात. आकडा दहाच्या आत असेल तर घ्या. थंडगार जार थेट ओतू नका. मीठही मत्स्यालयासाठीचं सागरी मीठच, स्वयंपाकघरातलं नाही.

एक गोष्ट ऑफिसवाल्यांच्या हमखास लक्षात येत नाही, म्हणून जोर देऊन लिहिते. डास मारण्याचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे, वर्षातून दोनदा होणारं पेस्ट कंट्रोल. यातली बरीचशी औषधं पायरेथ्रॉइड वर्गातली असतात. ती कीटकांसाठी बनलेली असतात, आणि श्रिम्प-खेकडे हे कीटकांचे जवळचे नातलग. माणसाला नुसता वास येतो तेवढ्या औषधात टाकीतला प्राणी जाऊ शकतो. तुमचा एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडत असतो. बाहेरच्या खोलीत हे काहीही वापरायचं नाही, हे सगळ्यांना मान्य होत असेल तरच पुढे जा. माशांच्या औषधांत तांबं असतं, तेही याला विष आहे.

आता जात. मोरपंखी मँटिस, शास्त्रीय नाव ओडोंटोडॅक्टिलस सिलॅरस, तुमच्या टाकीसाठी नको. तो १५ ते १८ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दोन फुटांत त्याचं बीळ मांडलं की फिरायला जागा उरत नाही, त्याला किमान दीडशे लिटर हवं. शिवाय तो भरती-ओहोटीच्या पट्ट्याखाली, जरा खोल पाण्यात राहणारा, जिथे तापमान फारसं हलत नाही. टाकीत त्याला कवच कुजण्याचा रोग पुष्कळदा होतो. सर्वांत देखणा तोच आहे, कबूल. पण देखणेपणावरून निवड केली तर सहा महिन्यांनी तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल, आणि ते वाचायची माझी इच्छा नाही.

तुमच्यासाठी गोनोडॅक्टिलस कुळातला लहानगा बघा, उदाहरणार्थ गोनोडॅक्टिलस स्मिथाय, पाच-सात सेंटिमीटरचा. हे प्राणी किनाऱ्याच्या उथळ खडकांत, प्रवाळांच्या तुकड्यांत राहतात. ओहोटीला पाणी उतरतं, ऊन लागतं, पाणी तापतं, पुन्हा भरती येते, आणि हे त्यातच वाढलेले असतात. म्हणून थोडीफार चूक पोटात घालतात. रंग हिरवट, शेवाळी, कधी करडा. पहिल्या दिवशी कुणी वा म्हणणार नाही. पण तो हात उचलतो तेव्हा आतल्या बाजूला जांभळा ठिपका उघडतो, आणि तो दिसायला आठवडेच्या आठवडे काचेसमोर बसावं लागतं.

दुकानात नावाची चिठ्ठी बरोबर असेलच असं नाही, म्हणून हात बघा. हाताचं कोपर फुगीर, मुगदलासारखं असेल तर तो ठोसा मारणारा. हाताला फणीसारखे काटे असतील तर तो भाला मारणारा. त्याला खोल वाळू किंवा चिखल लागतो, तो तुमच्यासाठी नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात ढिगाने येतात ते या दुसऱ्या प्रकारचे, तेव्हा मासळीबाजारातून जिवंत आणून देतो असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. दोन्ही हात शाबूत आहेत का, कवचावर काळपट खड्डे नाहीत ना, हे पाहा. तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. दुकानात जो खात नाही तो घरी येऊन खाईल या आशेवर पैसे घालू नका. मुंबईहून आणणार असाल, क्रॉफर्ड मार्केट किंवा कुठूनही, तर सव्वाचारशे किलोमीटरचा प्रवास रात्रीच्या गाडीने, थर्मोकोलच्या खोक्यात, थंडीच्या दिवसांत करा.

दगडांबद्दल एक कायद्याची गोष्ट. आपल्या समुद्रातली प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून संरक्षित आहेत. ‘जिवंत दगड’ म्हणून कुणी प्रवाळाचा तुकडा देऊ केला तर नाही म्हणा. कोरडा सिरॅमिक दगड आणि काळ्या पीव्हीसी पाइपचा एक वाकलेला तुकडा पुरतो. पाइप त्याच्या अंगापेक्षा किंचित रुंद आणि तीन-चार पट लांब हवा. काच फुटेल का, अशी भीती तुमच्या भावाला वाटत असेल तर ती लहान जातीत फारशी खरी नाही, पण बिळाखालच्या काचेवर ॲक्रिलिकची पट्टी टाकून ठेवा आणि हीटरला प्लास्टिकची जाळी घाला. हात मात्र कधीही पाण्यात घालायचा नाही, लांब चिमटा वापरायचा.

टेबलाचंही बघा. पाणी, काच, वाळू मिळून क्विंटलभर वजन होतं. फायलींच्या प्लायवुडच्या कपाटावर ती टाकी ठेवू नका.

तुमच्या शाकाहारी सहकाऱ्यांविषयी तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिलंत, मला तो प्रश्न मोठा वाटतो. ऑफिस त्यांचंही आहे. जिवंत शिंपले टाकून लोकांना तमाशा दाखवणं मला स्वतःलाही पटत नाही. याला कवचासकट गोठवलेल्या कोळंबीचा तुरीच्या दाण्याएवढा तुकडा, कधी कुर्लीच्या नांगीचं टोक, असं आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. उरलेलं तासाभरात काढून टाकायचं. पण ती कोळंबी ठेवणार कुठे? ज्या फ्रीजमध्ये त्यांचा डबा असतो त्यात नको. घरून लहान डबीत रोजच्यापुरतं आणा आणि ऑफिस सुटल्यावर खायला घाला. आणि हे सगळं टाकी आणण्याआधी त्यांच्याशी बसून बोला, नंतर नको. त्यांनी मनापासून नको म्हटलं तर टाकी घरी ठेवायचा विचार करा.

राहता राहिला भावाचा सल्ला. गप्पी हा काही कमीपणाचा पर्याय नाही. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप विभाग तो वाटतो, आणि तो आपल्या उन्हाळ्यात टिकतो. टाकी लोकांसाठी असेल, थांबलेल्या माणसाला दोन मिनिटं विरंगुळा म्हणून असेल, तर भावाचं ऐका. दिवसभर चमचमत फिरणारे मासे लोकांना आवडतात. मँटिस दिवसातला बराच वेळ बिळात असतो, आणि ग्राहकाला रिकामी टाकी दिसते.

पण तुमच्या पत्रात एक वाक्य असंही आहे: “सगळे गेल्यावर मी तासभर एकटीच बसते, तेव्हा समोर काहीतरी जिवंत असावं.” हे वाचून मला वाटलं की टाकी तुम्हाला स्वतःसाठी हवी आहे. तसं असेल तर ती बाहेरच्या खोलीत कशाला? आतल्या खोलीत, तुमच्या टेबलाच्या उजव्या हाताला ठेवा. तिथे लोक काच वाजवणार नाहीत, दार उघडझाप कमी, एसीही तिथलाच चांगला.

तिथे तुम्हाला काय दिसेल ते सांगते. पाइपच्या तोंडाशी दोन देठांवर दोन डोळे. एक तुमच्याकडे वळलेला, दुसरा त्याच वेळी छताकडे. प्रत्येक डोळ्याच्या मधोमध आडवा पट्टा, आणि डोळे सारखे गरगर फिरत असतात, जणू एकेक वस्तू तपासून बघतात. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, याच्या डोळ्यात बारा. तरी २०१४ मध्ये प्रयोगातून दिसलं की जवळजवळच्या छटांमधला फरक त्याला आपल्याइतकाही कळत नाही. तो बहुधा रंगांची तुलना करत न बसता झटकन ओळखून मोकळा होतो. काही आठवड्यांनी तो तुम्हाला ओळखू लागल्यासारखा वागेल. चिमटा हातात घेतला की पुढे येईल. कधी चार-पाच दिवस बिळाचं तोंड बंद करून बसेल, खाणार नाही. तेव्हा घाबरून पाइप हलवू नका, तो कवच टाकत असेल.

एक गोष्ट मनाला लावून घ्यावी अशी आहे. बाजारात मिळणारे मँटिस समुद्रातून पकडलेले असतात. हे प्राणी पैदास करून विकले जात नाहीत. म्हणजे तुम्ही एक जीव त्याच्या खडकातून आठवड्यांच्या प्रवासाने जळगावला आणणार आहात. मी त्याला सरसकट चूक म्हणणार नाही, मी स्वतः प्राणी पाळले आहेत. पण उन्हाळ्याच्या वहीतले आकडे बिघडलेले असतील, तर टाकीत गोडं पाणी भरा आणि गप्पी सोडा. मांडलेलं सामान वाया जात नाही.

आकडे जमले, तर प्राणी दिवाळीनंतर आणा. जुलैअखेरची रिटर्न आणि पुढची ऑडिटची गडबड तोवर आटोपलेली असेल, हवा उतरलेली असेल. त्या दिवशी संध्याकाळची कुणाची भेट ठेवू नका. पिशवी उघडून टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत दोन तास त्याला सवय होऊ द्या. मग त्याला सोडा, दिवा बंद करा आणि घरी जा, त्या रात्री खायला घालू नका. पाइपच्या तोंडाजवळ मूठभर बारीक खडे आधीच पसरून ठेवा. ठोसा मारणारे मँटिस रात्री बिळाचं तोंड खड्यांनी बंद करून झोपतात. दुसऱ्या दिवशी शटर उघडल्यावर जिभाऊंना आधी तेच बघायला सांगा. खडे पाइपच्या तोंडाशी रचलेले असतील, तर त्याने तिथे मुक्काम केला आहे.